मागची फळी आधी

बाबू,

तुझे सातही फोटो पाहिले. कोठ्यात तणसीच्या ढिगाआड उलटी घातलेली आजोबांची बोट, आणि शेवटच्या फोटोत खाटेवर ठेवलेलं इंजिन. वडील म्हणतात फोडून चुलीत घाल, मित्र म्हणतात फायबरची घे, आणि तू मला विचारतोस, "काका, करू की नको?" हे विचारूच नकोस. इंजिन विकत घेतलंस तेव्हाच तुझं ठरलं होतं. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. सातपैकी एकाही फोटोत मागची फळी नाही.

इंजिन जिच्यावर लटकतं ती मागची फळी आधी. बाकी सगळं नंतर.

समुद्रावरच्या होडीला खारं पाणी थोडंफार राखतं. आपल्याकडे गोडं पाणी, वर चार महिन्यांचा पाऊस, आणि तुमच्याकडे तर ओल धरून बसणारी तणस. लाकूड आतून जातं, वरून रंग चकचकीत राहतो. पेचकस घे. जुन्या बोल्टांच्या छिद्रांभोवती आणि खालच्या कडेला टोच, पाणी तिथूनच शिरतं. मग लाकडी हातोडीने बोटभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद. टोक सहज आत गेलं, ओलसर तपकिरी भुसा निघाला, की फळी गेली. तिथे पुट्टी भरलीस तर मला फोन करू नकोस.

मी पुट्टीच भरली होती. एकतीस वर्षांचा होतो, जुनी बोट मिळाली आणि इंजिनासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. घाटावरच्या एका म्हाताऱ्या ढिवराने डोंग्यातूनच हाक मारून सांगितलं, "मांगून पाह्य आंदी, बाप्पा." मी निळा रंग मारला. वैनगंगेच्या मध्यावर वेग वाढवला तेव्हा फळीचा तुकडा क्लॅम्पसकट निघाला, इंजिन तळाला गेलं आणि मागून पाणी आत घुसलं. धाकटा भाऊ सोबत होता. पोहत आलो दोघं. तो त्यानंतर कधी बोटीत बसला नाही. फळी बाहेरून चांगली होती, असं मी त्याला कितीदा सांगितलं असेल. होतीही. पण म्हाताऱ्याने बजावलं होतं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

तीच बोट मी पुन्हा बांधली. लोकांनी वेडा म्हटलं. मी चुकलो नाही, अजूनही तेच म्हणेन. मी बोट टाकून दिली असती तर ती फळी कुठे चुकली हे मला कळलंच नसतं आणि आज तुला सांगता आलं नसतं.

तर कुजलेली फळी पूर्ण काढ, अर्धी नको. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवुड, दोन थर इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) चिकटवून, किंवा जुना वाळलेला साग. बोल्ट स्टेनलेसचे, आतून रुंद वॉशर, आणि प्रत्येक छिद्राच्या आतल्या लाकडालाही इपॉक्सी पाज.

आता सांधे. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत फळ्या आक्रसतात, बोटीतून उजेड दिसतो. घाबरून त्या फटींत कडक पुट्टी ठासू नकोस. लाकूड पाण्यात फुगलं की तीच पुट्टी फळ्या उचकटते. आठवडाभर ओली गोणपाटं घाल, मग काय गळतं ते पाहा.

इंजिन कोरडं चालवू नकोस, पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. ड्रममध्ये पाणी भरून चालव. पेट्रोलच्या नळ्या नव्या टाक, इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

बोट पाण्यात घालायची ती दिवाळीनंतर. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे कधी किती उघडतील त्या हिशोबात पडू नकोस. फुगवट्यात जलपर्णी आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे येतं आणि तिला पोसतं. ती बोट ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्यात गुंतली, थंड पाण्याची वाट अडली, की इंजिन तापतं. मागे पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेव. धार थांबली की इंजिन बंद. लाइफ जॅकेट आणि परवानगीचं तुला सांगायला नको.

आणि ते इंजिन खाटेवरून उचल. समोर दिसत राहिलं तर तू आठ दिवसांत ते कुजक्या फळीला लावशील, मी ओळखतो. रविवारी पवनीला घेऊन ये, माझ्या ओसरीवर ठेवू. नव्या फळीचा फोटो पाठवशील, त्या दिवशी घेऊन जा.

तुझा काका