वाचक विचारतात: उजनीतली बोट सोलरवर चालंल का?

प्रश्न: दादा, मी सोलापूरचा, उजनीच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूनं आमच्या मामांची २० फुटी बोट आहे, ८ एचपीचं पेट्रोल इंजिन. पक्षी बघायला लोकं येतात पण पेट्रोलमधीच सगळा पैसा जातोय. सोलर मोटर बसवली तर तेवढीच पळंल का?

उत्तर: तेवढी पळणार नाही, हे मामांना आधीच सांगून ठेवा. पण पक्षी दाखवायला पळायचं कशाला? पाण्यात वेग निम्मा केला की ताकद साधारण आठव्या हिश्श्यावर येते, सगळी गंमत तिथंच आहे. ८ एचपी म्हणजे जवळपास ६ किलोवॅट, पण निवांत चालवायला दीडेक किलोवॅट पुरावं. छतावर लांबीत ५४० वॅटची दोन पॅनल बसतील, कागदावर दिवसाला पाचेक युनिट, हातात चार धरा, कारण आपल्याकडं मे महिन्यात ऊन भरपूर असलं तरी पॅनल तापलं की वीज उलट कमीच देतं. ४८ व्होल्ट १०० एएचची (म्हणजे साधारण पावणेपाच युनिट साठवणारी) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, ८० टक्के वापरली, तर अडीच तास आरामात.

बॅटरी फळीखाली कोंडू नका, हवा खेळू द्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. छताचे बोल्ट आरपार घ्या, नुसत्या स्क्रूवर वळवाच्या वाऱ्यात पॅनल पतंगासारखं उचलतं. केरळात वैक्कमला २०१७ पासून ७५ सीटची सोलर फेरी चालतीय, मामांना तिचे व्हिडिओ दाखवा. पेट्रोल इंजिन मात्र पहिलं वर्षभर विकू नका.