'क्रिपस्क्युलर' म्हणजे नक्की काय, आणि हा शब्द कुठे वापरावा?

तुम्हाला प्राण्यांवरच्या एका लेखात 'क्रिपस्क्युलर' हे विशेषण भेटलं, शब्दकोशात 'संधिप्रकाशाचा, अंधुक' असा अर्थ मिळाला. ते 'नॉक्टर्नल'सारखंच आहे का आणि संध्याकाळच्या कार्यक्रमालाही लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर 'नाही'. पण हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्राणिशास्त्रात 'डायर्नल' म्हणजे दिवसा वावरणारे, 'नॉक्टर्नल' म्हणजे रात्री वावरणारे आणि 'क्रिपस्क्युलर' म्हणजे पहाटेच्या नि तिन्हीसांजेच्या झुंजुरक्या उजेडात सर्वांत जास्त हालचाल करणारे. ससे, बरीचशी हरणं आणि काजव्यांच्या अनेक जाती या गटातल्या. घरातली मांजर पहाटे उच्छाद मांडते त्यामागेही हेच आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो, पण त्याचा जोर सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या आधी असतो. त्याचं वर्णन करतानाही हा शब्द कधी कधी येतो.

अशी वेळ साधण्यामागे कारणं असतात. उष्ण प्रदेशात दुपारचं ऊन टळतं. शिवाय दिवसा नीट दिसणारे शिकारी आणि रात्री नीट दिसणारे शिकारी, दोघांचीही नजर या मधल्या उजेडात थोडी कमी पडते. अर्थात काही शिकारीही नेमकी हीच वेळ साधतात. थोडक्यात, इथे शब्दाचा रोख अंधारावर नसून वेळेवर आहे, आणि शब्दकोशातल्या 'अंधुक'मुळे नेमकं तेच हरवतं.

मूळ लॅटिन शब्द 'क्रेपुस्कुलुम'. तो बहुधा सांजवेळेसाठी वापरत. पहाटेच्या उजेडाला 'दिलुकुलुम' असा वेगळा शब्द होता. इंग्रजी विशेषणात मात्र दोन्ही वेळा सामावल्या. फक्त पहाटेचं म्हणायचं असेल तर 'मॅट्यूटिनल' आणि फक्त संध्याकाळचं असेल तर 'व्हेस्परटाइन' हे शब्द आहेत, पण ते याहूनही दुर्मीळ.

दुसरा पक्का वापर आकाशाचा. ढगांच्या फटींतून सूर्यकिरणांचे पट्टे पंख्यासारखे पसरलेले दिसतात, त्यांना 'क्रिपस्क्युलर रेज' म्हणतात. खरं तर सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे हे किरण जवळपास समांतरच असतात. लांब गेलेले रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे वाटतात, तसाच हा नजरेचा खेळ. कधी हेच पट्टे सूर्याच्या विरुद्ध दिशेला क्षितिजाजवळ पुन्हा एकवटताना दिसतात. ते 'अँटिक्रिपस्क्युलर रेज'. सूर्यास्ताच्या वेळी जरूर पाठ फिरवून बघा, बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. नावात संधिकाल असला तरी भर दुपारच्या अशा पट्ट्यांनाही लोक सर्रास हेच नाव देतात, आणि ते आता चालून गेलं आहे.

ललित लेखनात हा शब्द मावळतीच्या, विझत चाललेल्या गोष्टींसाठी येतो. इटलीत १९१० मध्ये समीक्षक बोर्गेझे यांनी तेव्हाच्या काही हळव्या, मंद सुरातल्या कवींसाठी हेच विशेषण वापरलं आणि त्या कवींच्या गटाला ते नाव कायमचं चिकटलं.

आता तुमचा कार्यक्रम. 'क्रिपस्क्युलर पार्टी' व्याकरणाने चुकीचं नाही, पण वाचणारा अडखळेल. तिथे साधं 'इव्हिनिंग' लिहा. 'रॅबिट्स आर क्रिपस्क्युलर' किंवा 'अ क्रिपस्क्युलर ग्लो' ही वाक्यं मात्र अगदी सहज वाटतात. उच्चारात जोर 'पस्'वर द्या. नाम हवं असेल तर 'क्रेपस्क्यूल' आहे खरं, पण रोजच्या लिखाणात 'ट्वायलाइट'च बरं.