सीताफळ शुक्रवारपर्यंत थांबत नाही

काय रे,

रविवारी रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "ताई उद्या परत सोमवार, जाम वैताग आलाय या ऑक्टोबरचा, आठवडाभर नुसता घाम आणि लोकल, चांगलं असं काही घडतच नाही." मी उत्तर टाइप करायला घेतलं, खोडलं, परत घेतलं, परत खोडलं, कारण तीन ओळींत लिहिलं असतं तर ते सकाळी ग्रुपवर पडणाऱ्या सुविचारासारखं झालं असतं आणि तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. म्हणून आठवडाभर थांबले आणि आज शनिवारी दुपारी, पंखा पाचवर, पडदे ओढलेले, नीट बसून लिहितीये. लांब होणारे. लोकलमध्ये वाच, तसंही डोंबिवली ते दादर तुला दुसरं काय काम असतं.

उकाडा आहेच, त्यात तुझं काही चुकलं नाही. साताऱ्याहून आलेल्या माणसाला तर हा महिना म्हणजे शिक्षाच. पण तो का आहे ते एकदा समजून घे, म्हणजे निदान मुंबई खास तुझ्यावरच डूख धरून बसलीये असं वाटणार नाही. पाऊस मुंबईतून निघायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तो निघाला की ढग जातात, ऊन थेट डोक्यावर, जमीन मात्र अजून ओलीच, म्हणून हवेत वाफ. त्यात वारा फिरतो, पूर्वेकडून म्हणजे जमिनीवरून यायला लागतो, आणि समुद्रावरचा वारा दुपार बरीच कलल्याशिवाय तोंड दाखवत नाही, मग पारा जातो ३५-३६ वर. शाळेत खारे वारे मतलई वारे घोकले होतेस ना दोन मार्कांसाठी, ते हेच. मला हे कळल्यापासून उकडायचं कमी झालं असं नाही, पण चारच्या सुमाराला ऑफिसच्या खिडकीतून पहिली झुळूक आली की आता "आला बघ" असं होतं, आधी ती आलेली कळायचीही नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगते जी मला तीस वर्षांत कुणी सांगितली नाही. आपल्या लाइनवर सकाळी मुंबईकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी परतताना पण डावीकडूनच, कारण तोवर सूर्यही बाजू बदलतो आणि आपणही. म्हणजे जाताना येताना दोन्ही वेळा उजवी बाजू धरायची. तू म्हणशील ताई सीट कुठे मिळते, चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी नशीब. बरोबर, पण टेकायचंच असेल तर उजवीकडे टेक. मी हल्ली मुलुंडहून ठाण्याहून सुटणारी मुंबईकडची स्लो पकडते, फास्टपेक्षा बराच जास्त वेळ जातो पण कधीकधी हवेची खिडकी मिळते, आणि त्या खिडकीसाठी घरातून लवकर निघायला मी तयार आहे. या आठवड्यात पाच दिवसांत दोनदा मिळाली. बुधवारी तर विद्याविहारच्या पुढे शेजारची बाई चक्क माझ्या खांद्यावर झोपली, मला राग यायला हवा होता पण इतकी गाढ झोपली होती ती, मी भायखळ्यापर्यंत हात हलवला नाही. मग मुंग्या आल्या हाताला, ते सोड.

आता मुद्द्याचं. तू माझ्या हाताखाली सीएची आर्टिकलशिप केलीस, त्यामुळे तुला हिशेबाच्या भाषेत सांगितलेलं लवकर कळेल. तुझी गडबड अशी आहे की तू वैतागाची प्रोव्हिजन करतोस आणि सुख कॅरी फॉरवर्ड करतोस. सोमवारची गर्दी सोमवारी सकाळी यायचीये, तू ती रविवारी रात्री साडेअकरालाच खात्याला टाकून बसलास, झोप खर्ची पडली ती वेगळीच. आणि चांगलं काही समोर आलं की "वीकेंडला बघू", "दिवाळीत करू", "जरा सेटल झालो की". वैताग मर्कंटाइल बेसिसवर, म्हणजे पैसे हलायच्या आधीच नोंद, आणि मजा कॅश बेसिसवर, म्हणजे हातात पडल्यावरच, तीही उधारीची! असली पुस्तकं माझ्याकडे आणली असतीस तर मी परत पाठवली असती.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून बोलत नाहीये, कारण याच आठवड्यात मी हेच केलं. सोमवारी स्टेशनबाहेर सीताफळं दिसली, टोपलीभर, विकणारा म्हणत होता सासवडची, सगळेच सासवडची म्हणतात, असो. चार घेतली, दगडासारखी कडक. घरी येऊन तांदळाच्या डब्यात खुपसली. तुला माहीत असेल, आणि नसेल तर शिकून घे, कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये टाकायचं नाही, सालं काळी पडतात आणि आत पिकायचं ते पिकत नाही. रोज डबा उघडून डोळे बघायचे. डोळे फाकायला लागले, मधल्या भेगा पांढरट-गुलाबी दिसायला लागल्या आणि अंगठ्यानं हलकं दाबल्यावर दबलं की झालं. बुधवारी रात्री दोन झाली होती. हे म्हणाले, खाऊन टाक आत्ताच. मी म्हटलं नको, आज दमलीये, शुक्रवारी निवांत बसून खाऊ. का? शुक्रवारी काय मला राज्य मिळणार होतं? पण डोक्यात बसलेलं असतं ना की चांगली वस्तू चांगल्या वेळेसाठी.

शुक्रवारी डबा उघडला तर तीन उकललेली, पाणी सुटलेलं, तांदूळ चिकट, आणि कडेनं मुंग्यांची रांग अशी शिस्तीत की दादरच्या पुलावर सुद्धा बघायला मिळत नाही. तीन किलो तांदूळ चाळत बसले रात्री. चिडचिड कुणावर करणार, हे काही बोलले नाहीत पण त्यांचं ते न बोलणं मला ऐकू येत होतं. चौथं मात्र शाबूत होतं. ते तिथेच ओट्यापाशी उभं राहून खाल्लं, चमचा नाही काही नाही, दोन हातांनी फोडलं की कसं अलगद दोन भाग होतात बघ, आणि एकेक गर तोंडात घेऊन बी जिभेनं सोडवायची, सिंकमध्ये थुंकायची. सालीला लागून जो रवाळ भाग असतो ना साखरेसारखा, तो बोटानं खरवडला. भांडी तशीच पडलेली, घड्याळात पावणेदहा, तांदूळ पसरलेले पेपरवर. अरे निवांत बसून खाल्लं असतं तर याहून जास्त काय लागलं असतं?

कोजागिरी मंगळवारी झाली. आमच्या गच्चीवर दरवर्षी होते, या वेळी आठ लिटर दूध, आणि आटवायला ज्यांना उभं केलं होतं ते क्रिकेटच्या गप्पांत रमले, तळाला लागलं. जळका वास सगळ्या गच्चीभर. त्यावरून सेक्रेटरी आणि खजिनदार यांची जुनी भांडणं परत वर आली, पार्किंगपर्यंत गेली, आणि चंद्र म्हणशील तर ढगात, परतीचा पाऊस जाता जाता असं करतोच. मी वैतागून खाली निघाले होते. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, लिफ्ट बंद म्हणून एकेक पायरी धरून वर चढत होत्या, ७९ वय, हातात वाटी आणि उलथणं. म्हणाल्या, दूध तुम्ही प्या, मला तळाची खरवड हवी, दरवर्षी टाकून देता मूर्खासारखी. परत वर गेले त्यांच्याबरोबर. काळा भाग सोडून वरची तांबूस साय-खरवड, त्यात जायफळ आणि चारोळी अडकलेली, आम्ही दोघींनी पातेल्यात हात घालून खाल्ली. साडेअकराला चंद्र निघाला पण तोवर निम्मे लोक झोपायला गेले होते.

सातवीण फुललीये सध्या, तुझ्याकडेही असेल बघ रस्त्याच्या कडेला, रात्री आठनंतर वास येतो. काहींचं डोकं दुखतं त्यानं, आमच्या गेटवरची तोडा म्हणून अर्जही आलाय. एका जागी साधारण सात पानं म्हणून सातवीण, आणि तिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करायचे. मला तो वास आवडतो, पण तुला आवडलाच पाहिजे असं नाही. फक्त तो वर्षभर नसतो, एवढंच.

त्रासाचं म्हणशील तर सगळा त्रास सारखा नसतो हे पण लक्षात घे. एक असतो हवामानाचा, गर्दीचा, ३१ ऑक्टोबरच्या रिटर्नांचा, तो आपल्या हातात नाही. गुरुवारी एक साइट ऐन भरणा करताना अडकली, चार वेळा ओटीपी आला, चारही वेळा वेळ संपला, पाचव्यांदा झालं. त्यात शिकण्यासारखं काहीही नाही, चहा पिऊन यायचं. पण दुसरा त्रास असतो तो आपण उगाच पाळलेला. माझ्या पर्सची चेन जूनपासून अडकत होती. रोज, रोज पास काढताना गेटवर तीच झटापट, मागची माणसं च्यक च्यक करणार. चार महिने! सोमवारी स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांना दाखवली, त्यांनी मेणबत्ती घासली, पक्कडीनं रनर जरासा दाबला, ४० रुपये, पाच मिनिटं. मी तिथे उभी राहून तीन वेळा उघडबंद करून बघितली, एवढा आनंद मला बोनसचा झाला नव्हता. तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येतो म्हणून तू मे महिन्यात रडत होतास. अजून येतोय ना? मग इलेक्ट्रिशियनला फोन कर आधी, पुढचं पत्र नंतर वाच.

आणि ते अ‍ॅप काढून टाक, रोज तीन गोष्टींबद्दल आभार मानायचं. मी पण केलंय ते. पहिल्या दिवशी आईवडील, आरोग्य, नोकरी. दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाश. तिसऱ्या दिवशी परत आईवडील. त्यात माझं काहीच नव्हतं. त्यापेक्षा आपली साधी खर्चाची वही बरी, सीताफळं १४०, चेन ४०, आणि पुढे दोन शब्द, "तीन वाया", "चालतेय". महिन्यानं उघडलीस की तो दिवस पूर्ण आठवतो, कुणी कुठे उभं होतं ते सुद्धा.

आज सकाळी गोधड्या काढल्या. पावसाळाभर कपाटात राहून त्यांना कुबट वास लागलेला, चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी, डाळींत टोके होतात की काय अशी भीती. या सगळ्याला हेच ऊन लागतं, ज्याला आपण दोघं शिव्या घालतोय. गच्चीवर नेऊन पसरल्या, दुपारी दोनला उलटायला गेले तर पाय भाजले, पण गोधडीला नाक लावलं आणि तिथेच टाकीच्या सावलीत दहा मिनिटं बसले. खाली कुणाच्या तरी घरी भाजणी भाजत होते, धण्याचा वास वरपर्यंत. हे पत्र खरं तर तिथेच सुरू झालं डोक्यात.

बरं, उद्या ये. मेगाब्लॉक बघून नीघ, अकरानंतर आलास तर गाड्यांचा घोळ असेल. चकलीची भाजणी दळून आणायचीये, गिरणीवाला फक्त बारापर्यंत भाजणी घेतो आणि डबा पाच किलोचा आहे, मला जिना चढून नेववत नाही, लिफ्ट अजून बंदच आहे. येताना स्टेशनबाहेर सीताफळं दिसली तर दोन आण, पिकलेलीच बघून घे, आल्या आल्या खाऊ.

तुझी,
ताई