विहिरीचा आकडा विहिरीकडे परत ने

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. प्रकल्पात निवड झाली, पहिल्याच आठवड्यात जांबोटी-कणकुंबी भागातले पर्जन्यमापक बघायचे आणि मृग लागायच्या आत विहिरींची मोजणी उरकायची, हे वाचून फार बरं वाटलं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापुराशेजारून वाहते आणि पुढं पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिच्या काठावर शेत असलेल्या घरातली मुलगी तिच्या पाण्याचा हिशेब ठेवायला निघाली, ही माझ्यासाठी साधी बातमी नाही.

संगणकावरचं कुठलं मॉडेल आधी शिकू, असं तू विचारलंयस. ते तुझ्या बरोबरीची मुलं तुला महिन्याभरात शिकवतील. मी आयुष्यभर शिवारात हिंडलो, तर तिकडचंच लिहितो.

पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, हे तुला ठाऊक आहे. आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर जातो आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरतात. पण साडेआठला तिथं कोण उभं असतं? कुठं शाळेचे मास्तर, कुठं जंगल खात्याचा वॉचमन, कुठं नुसता शेतकरी. माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगतो. घाटमाथ्यावरच्या एका वाडीतून आषाढातल्या एका दिवसाचा आकडा आला, 286 मिलिमीटर. आजूबाजूच्या दोन केंद्रांवर त्याच दिवशी 90 आणि 110. मी कार्यालयात बसून त्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि शेजारच्या दोघांची सरासरी लिहून टाकली. पाऊस ओसरल्यावर वाडीत गेलो तेव्हा कळलं की कागदावर नाव नवऱ्याचं असलं तरी दोन्ही वर्षं मोजणी त्याची बायको करत होती. तिनं मला आत नेऊन दाराआडची भिंत दाखवली. आमच्या मापाच्या काचेत एका वेळी 20 मिलिमीटरच मावायचे, म्हणून ती प्रत्येक काचेला कोळशानं एक उभी रेघ ओढायची. त्या दिवसाच्या रेघा चौदा, आणि बाजूला आकड्यात 6. नंतर खालच्या ओढ्याच्या पट्टीची नोंद काढून पाहिली, तर ओढाही त्याच दिवशी सगळ्यात वर चढला होता.

घाटात दोन कोसांवर पाऊस बदलतो, हे मी वर्गात शिकलो होतो. तरी भिंतीवरच्या कोळशापेक्षा मला माझ्या सरासरीचा भरवसा वाटला. मी आकडा परत जागेवर लिहिला, त्या बाईंची माफी मागितली आणि पुढच्या वर्षी मोजणीदार म्हणून त्यांचं स्वतःचं नाव कागदावर आणलं. एवढ्याला अकरा महिने लागले. तू पहिल्या फेरीत हे विचार: मोजतं कोण, आणि ते आजारी पडलं किंवा माहेरी-परगावी गेलं तर मोजतं कोण? आणि मानधन. मी काम केलेल्या एका प्रकल्पात या लोकांचं मानधन सहा-सहा महिने थकायचं, तरी आकडे मात्र आठवड्याला पोचलेच पाहिजेत असा आग्रह. ते थकू देऊ नकोस. तुझ्या हातात सही नसेल, पण पाठपुरावा तर तुझ्या हातात आहे. बाकी तिकडं जाताना जळवांसाठी तंबाखू-चुना घे आणि वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत ठेव.

आता विहिरी. मोजणीच्या वेळी दोन चुका जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. एक, फीत कठड्यावरून सोडतो आणि कठड्याची उंची वजा करायला विसरतो. दुसरी, मोटर कधी बंद केली ते विचारत नाही. रात्री थ्री फेज आला की शेतकरी रात्रभर उपसतो. तू सकाळी नऊला मोजशील ती पातळी उपशाची, विहिरीची नव्हे. शेजारची मोटर चालू आहे का, तेही विचार. ही माहिती वहीत आकड्याच्या शेजारी लिही, म्हणजे दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला उपयोग होईल.

आपल्याकडची जमीन दर दहा मैलांना वेगळी वागते. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर-शहापूर-वडगावचं शिवार काळ्या चिकण मातीचं. बासमती भाताचं नाव तिथलं. भात काढल्यावर मसूर, हरभरा, वाटाणा मातीतल्या ओलीवर येतो, पाणी द्यावं लागत नाही. पण तीच माती पाणी सोडत नाही, म्हणून बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबला की तिथलं रोप पाण्याखाली कुजतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. पश्चिमेला बेळगुंदी-उचगावकडं वळलीस की तांबडी माती, खाली जांभा. बटाटा आणि रताळ्याचा मुलूख. तिथं पाणी पटकन मुरतं आणि तितक्याच पटकन निघूनही जातं. उत्तरेला काळा कातळ. त्यात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात सापडतं, म्हणून एका बांधावर बोअर लागते आणि पलीकडच्या बांधावर कोरडी धूळ उडते. असल्या कठीण खडकाच्या प्रदेशांसाठी राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेनं 1987 साली बेळगावातच प्रादेशिक केंद्र सुरू केलं, ते उगीच नाही. शहरात वर्षाला साधारण 1,200 ते 1,300 मिलिमीटर पाऊस, कणकुंबीकडं त्याच्या कितीतरी पट, आणि त्याच जिल्ह्यात अथणीला शहराच्या निम्म्याच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढून कुणी तुझ्यापुढं ठेवली तर ती कुणाच्याच शेतात पडत नाही, एवढं ध्यानात ठेव.

या जांभ्यानंच मला माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा धडा दिला.

पश्चिम भागातल्या एका गावात आम्ही शेततळ्याचा सल्ला दिला. शेतकरी तयार नव्हता, मीच तीनदा जाऊन पटवलं. चार गुंठे जमीन गेली. श्रावणात तळं काठोकाठ भरलं, आम्ही फोटो काढला, अहवालात लावला. दिवाळीला गेलो तर तळाला भेगा. जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं ते बघायला 30 आणि 60 सेंटीमीटर व्यासाच्या दोन कड्या एकात एक ठोकायच्या, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कडीतली पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं. अर्ध्या दिवसाचं काम. ते मी केलं नव्हतं, कारण शेजारच्या तालुक्यातल्या काळ्या मातीत तसलीच तळी टिकली होती.

पुढं आणखी एक गोष्ट कळली. उताराला खाली ज्याचं शेत होतं, त्याची विहीर दरवर्षी संक्रांतीला तळ गाठायची. त्या वर्षी ती शिमग्यापर्यंत टिकली. तळ्याचा मालक मला म्हणाला, “साहेब, माझं चार गुंठं गेलं आणि पाणी त्याच्या बावडीत गेलं. तुमच्या वहीत हे कुठल्या खात्यात मांडता?” माझ्या वहीत त्याला खातंच नव्हतं. भूजल वाढलं, एवढं एका ओळीत लिहून प्रकल्प यशस्वी ठरला असता. त्या वाढीसाठी कुणाची जमीन गेली, हे त्या ओळीत कुठं मावणार?

मी दोघांना एका ओसरीवर बसवलं. एकदा नव्हे, दोन वर्षांत कितीतरी वेळा. शेवटी खालच्यानं उन्हाळ्यात आठवड्याला पाण्याच्या दोन पाळ्या वरच्याला द्यायचं कबूल केलं. वरच्यानं त्यावर मिरची केली. कागद झाला नाही, तोंडी ठरलं आणि ते टिकलं. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं तेव्हा त्यांनी पाणी जमिनीच्या एकरांवर वाटलं नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनांनाही वाटा दिला आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असं ठरवलं. आम्ही केलं ते त्यापुढं फार लहान होतं. पण मुरलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न तोच होता. हा प्रश्न तू पहिल्याच वर्षी विचारायला लाग. मला विचारायला पंधरा वर्षं लागली.

ऊसवाल्यांशी बोलताना मात्र जरा थांबून बोल. चिकोडी, रायबाग, गोकाककडं तुला जावं लागेल. ऊस पाणी पितो, हे त्या शेतकऱ्याला तुझ्याआधी ठाऊक असतं. कारखान्याचा पैसा येतो, मग मुलीचं लग्न होतं, सोसायटीचं कर्ज फिटतं. त्याला उपदेश नको, पर्याय दाखव: खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट न जाळता आच्छादन करायचं, ठिबकाची एक एकराची पट्टी करून बघायची, पाटाच्या पाण्यानं चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट झालेल्या रानात आधी निचरा करायचा. निचऱ्याचं महत्त्व त्याला लगेच पटतं, कारण पांढरं पडलेलं रान तो रोज बघतो.

आणि कन्नड शीक. तुला बाजारातलं येतं, पण शिवारातलं वेगळं. बावी म्हणजे विहीर, हळ्ळ म्हणजे ओढा, केरे म्हणजे तलाव. हुक्केरीकडचा म्हातारा ‘मळे चांगलं’ म्हणाला तर तो पावसाबद्दल बोलतोय. आपल्या कानाला मात्र मळा ऐकू येतो. एका फॉर्ममध्ये मी स्वतः अशी चूक वाचली आहे. सीमाभागात माणसं दोन्ही भाषांत जगतात. पाण्याबद्दल तो ज्या भाषेत मन मोकळं करेल, ती तुझ्या कामाची भाषा. यात दुसरा कुठला वाद आणू नकोस.

आकडे सांगताना हेक्टर-घनमीटर नको. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे 100 लिटर पाणी. एका दिवसात 50 मिलिमीटर पडला तर प्रत्येक गुंठ्यावर 5,000 लिटर, म्हणजे एक टँकर. हे सांगितल्यावर मी म्हाताऱ्या बायकांना स्वतःच्या परसाचे टँकर मोजताना पाहिलं आहे. त्यानंतर बांध फुटला तर तो दुरुस्त करायला त्यांना तुझं भाषण लागत नाही.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, तू बघितली असशील. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरलं तेव्हा इतक्या लोकांना प्यायला पाणी हवं म्हणून गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकारानं ती खोदली. टंचाईच्या काळात शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या, त्यात तीही होती. मी तिथून जाताना नेहमी थांबतो. माझ्या डोळ्यांपुढं कुदळ-पाट्या घेऊन खाली उतरलेली माणसं येतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं शेत असो, संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र असो की मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र, तिथं गेलीस की साहेबांना भेटून झाल्यावर शेतावरच्या जुन्या मजुराजवळ तासभर बस. कुठल्या वाफ्यात पाणी साचतं, कुठलं बियाणं नुसतं कागदावर उगवतं, ते तो सांगेल.

एक काम मात्र मी तुझ्याकडून मागून घेतो. वर्ष संपलं की ज्या ज्या विहिरीचं पाणी मोजलंस, त्या प्रत्येक घरी एक कागद नेऊन दे. वर्षभराच्या पातळ्या, मोठ्या अक्षरात, त्यांच्या भाषेत. आपण इतकी वर्षं शेतकऱ्यांच्या विहिरी मोजतो आणि आकडे नेतो. ते परत आणून देणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच पाहिली. ज्या घरात तसा कागद भिंतीवर लागला, तिथं पुढच्या वर्षी मला वाट विचारत जावं लागलं नाही. घरातलं पोर विहिरीवर उभं असायचं, आणि मोटर कालपासून बंद ठेवलेली असायची.

या आठवड्यात आमच्याकडं धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी चालू आहे, भात टाकून झालं की मी मोकळा. रविवारी सकाळी ये. आमच्या विहिरीपासून मोजणीला सुरुवात करू. माझी 1994 पासूनची वही तुला देऊन ठेवतो. पहिल्या पानावर लिहिलंय, तरी सांगतो: कठडा 72 सेंटीमीटर, आणि 2006 साली पूर्वेकडची बाजू पडून नव्यानं बांधली तेव्हा तिकडं 4 सेंटीमीटर उंच झाला. पश्चिमेच्या बाजूनं मोज.

तुझा
काका