'प्रॉबॅबली' म्हणजे 'कदाचित' नव्हे

नांदेडहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सदस्याने विचारलंय: 'प्रॉबॅबली'चा अर्थ 'कदाचित' लिहिला तर चालेल का, आणि वाक्यात हा शब्द ठेवायचा कुठे?

'कदाचित' लिहू नका. 'मेबी', 'पर्हॅप्स' म्हणजे कदाचित. आपल्याकडच्या दखनी बोलण्यातला 'शायद'ही त्याच घरचा. होईलही, नाहीही होणार. 'प्रॉबॅबली' म्हणणाऱ्याचं मन मात्र एका बाजूला झुकलेलं असतं. मराठीत त्याला 'बहुधा'.

हा फरक किरकोळ नाही. अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शर्मन केंट यांनी १९६४ साली अशा शब्दांना आकडे सुचवले, तेव्हा 'प्रॉबेबल'ला सुमारे ७५ टक्के दिले. त्याआधी १९५१ च्या एका अहवालातल्या 'सीरियस पॉसिबिलिटी' या शब्दांचा अर्थ, तो अहवाल लिहिणारेच २० पासून ८० टक्क्यांपर्यंत लावत होते!

हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकातला 'लाइकली' मात्र वेगळा वाचा. एरवी त्याचं वजन 'प्रॉबेबल'इतकंच, पण खात्याच्या मोजपट्टीत नुसतं 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के. ७५ च्या वर गेलं की 'मोस्ट लाइकली'. मृगात तेवढ्या एका शब्दावर कुणी चाड्यावर मूठ धरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला त्यापेक्षा भरवशाचा.

आता भाषांतर. दर वेळी 'बहुधा' घालायची गरज नसते, मराठी क्रियापदच ते काम करतं. 'शी हॅज प्रॉबॅबली लेफ्ट' म्हणजे 'ती निघाली असावी'. 'ही इज प्रॉबॅबली ॲट होम' म्हणजे 'तो घरी असेल'. परीक्षेत असं उत्तर लिहिलंत, तर इंग्रजी आणि मराठी दोन्ही कळल्याचं दिसतं.

जागा सोपी आहे. 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर त्यानंतर. 'विल', 'हॅव'सारखं सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: 'दे प्रॉबॅबली नो'. वाक्याच्या सुरुवातीलाही चालतो.

मुलं अडतात ती नकारात. 'द बस वोन्ट प्रॉबॅबली कम' असं लिहितात, कारण 'विल'चा नियम तसाच पुढे नेतात. 'वोन्ट', 'डझन्ट', 'कान्ट' अशी जोडरूपं असली की 'प्रॉबॅबली' त्यांच्या आधी येतो: 'द बस प्रॉबॅबली वोन्ट कम'. जोड सोडवलीत तर 'विल प्रॉबॅबली नॉट कम' हेही बरोबर.