बुडणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरकारने सावरावे का?

माझ्या मते सरकारने कंपनीला नव्हे, तर तिच्या बुडण्याने विनाकारण भरडल्या जाणाऱ्या लोकांना वाचवावे. बँकेच्या बाबतीत मात्र हस्तक्षेप बहुधा टळत नाही, कारण एका बँकेपुढे रांग लागली की धास्तीने शेजारच्या बँकेपुढेही लागते. मार्च २०२० मध्ये येस बँकेला सावरताना भारतीय स्टेट बँकेच्या पुढाकाराने नवे भांडवल आले आणि ठेवी सुरक्षित राहिल्या, पण सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आल्यास ज्यांतली रक्कम बुडू शकते असे बँकेचे रोखे) शून्यावर आणले गेले.

कारखान्याचे गणित निराळे असते, आणि ते आम्हा नागपूरकरांना एम्प्रेस मिलने शिकवले आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तरीही अखेर बंदच पडली, आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. मालक बदलल्याने जुनी यंत्रे नवी होत नाहीत. गिरणी चालू ठेवण्यात घातलेला सरकारी पैसा कामगारांची थकीत देणी आणि नवे प्रशिक्षण यांवर लागला असता, तर तो अधिक कामी आला असता, असे मला वाटते.

मदत द्यायचीच असेल, तर तोटा आधी मालकांनी सोसावा. अमेरिकेत २००९ मध्ये सरकारने सावरलेल्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या जुन्या भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही. तरीही तेथील सरकारला सुमारे ११ अब्ज डॉलरचा फटका बसलाच.