समुद्राकाठच्या खिडक्या: रंग कुठला हे नको, रंगाआधी काय केलं ते विचारा

प्रश्न: आमचं घर देवगडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून पावडर कोटिंगच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यांतला रंग फुगला आणि त्याच्याखाली केसाएवढ्या बारीक, वेड्यावाकड्या रेषा दिसू लागल्या. नखाने खरवडलं की पांढरी भुकटी निघते. आता वरच्या मजल्याच्या खिडक्या करायच्या आहेत. काय करावं?
– एक वाचक, देवगड

उत्तर: रेषा कोपऱ्यातून निघाल्या, यातच सगळं आलं. फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवणारा, कोटिंग झालेला सेक्शन (ॲल्युमिनियमची लांब पट्टी) आणतो आणि मग कापतो. कापलेलं तोंड उघडं राहतं, तिथून खारी ओल रंगाखाली शिरते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर आपोआप धरतो हे खरं, पण तो जेमतेम काही नॅनोमीटरचा. मिठातला क्लोराइड त्याला भोकं पाडतो. ओलं सिमेंट आणि फरशी धुवायचं ॲसिडही तो थर खातं.

पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाईक शेड विचारतं, कंपनी विचारतं. रंगाआधी काय केलं हे विचारत नाही. खरं काम तिथेच असतं. पावडर भाजायच्या ओव्हनआधी माल डिग्रीझिंग (तेलकटपणा काढणं), एचिंग (रसायनाने वरचा थर खरवडणं), स्वच्छ पाणी आणि मग कन्व्हर्जन कोटिंगच्या, म्हणजे रंगाखालचा पातळ रासायनिक थर देणाऱ्या, टाकीतून जायला हवा. क्रोमेट हा अशा थराचा एक प्रकार. त्याच्या टाकीत घातलेला पांढराशुभ्र सेक्शन काही मिनिटांत सोनेरी होऊन वर येतो, अंगावर तेलाच्या तवंगासारखी झाक असते. रंगाला धरून ठेवतो तो हा थर. मात्र क्रोमेटमधल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने कॅन्सर होतो, टाकीवर उभ्या राहणाऱ्या पोरांचा विचार करा आणि झिर्कोनियमची क्रोमविरहित प्रक्रिया मागा. ती बहुधा रंगहीन असते, डोळ्यांना कळत नाही, म्हणून बिलावर लिहून घ्या. वर पावडर किमान 60 मायक्रॉन हवी.

माझं मत विचाराल तर तुमच्या जागी ॲनोडायझिंग घ्या. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत वीज सोडून धातूचाच ऑक्साइड जाड करतात, त्यामुळे पापुद्रा सुटण्याचा प्रश्न येत नाही. पण 25 मायक्रॉनच मागा. घरातल्या वापराचा 10 मायक्रॉनचा माल किनाऱ्यावर टिकत नाही. सीलिंग, म्हणजे थरातली बारीक छिद्रं नीट बंद केलीत का, हे बघायला नमुन्याच्या तुकड्यावर शाईचा थेंब ठेवा, पाच मिनिटांनी साबणाने धुवा. डाग राहिला तर माल परत करा.

काहीही घेतलंत तरी मापं आधी घ्या. सेक्शन कापून, भोकं पाडून मगच कोटिंगला पाठवा. फॅब्रिकेटर कुरकुरेल, त्याला दोन खेपा पडतात. तरी ऐकू नका. स्क्रू स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. पितळ अजिबात नको. गिलावा आणि फरशी धुणं उरकेपर्यंत चौकटींवर टेप ठेवा.

जुन्या खिडक्यांचा सुटलेला रंग धातू दिसेपर्यंत काढा. लोखंडी ब्रश वापरू नका. गोड्या पाण्याने धुवून कडकडीत सुकवा, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. पुढे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसत जा. छज्ज्याखालच्या चौकटी आधी घ्या. पाऊस लागत नाही, म्हणून मीठ तिथेच जास्त साचतं.